युरोप, मार्गे टेंभुर्णी

टेंभुर्णी बघायला म्हणून टेंभुर्णीला कुणी येत नाही. लोक येतात ते गाडी बदलायला. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं आमचं हे माढा तालुक्यातलं गाव. इथून एक फाटा पंढरपूरला जातो, एक कुर्डुवाडी-बार्शी करत लातूरकडं, एक अकलूजकडं. त्यामुळं पहाटे तीन वाजताही आमच्या स्टँडवर माणूस असतोच. कानाला मफलर, पिशवीवर डोकं, एक डोळा झोपेत आणि दुसरा चौकशीच्या खिडकीवर. खिडकीत बहुधा कुणी नसतं. ताजमहाल कुठल्या कोनातून बघावा हे आम्हाला विचारू नये. पण फलाटावर आडवं होताना पायताण उशाला घ्यावं की पायथ्याला, आणि 'लातूर गाडी लागली' म्हणून ओरडणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा, या विषयात गावातलं शेंबडं पोरगंही अधिकारवाणीनं बोलतं.

माझा पुतण्या हे सगळं शिकून जर्मनीतल्या आखेनला एम.एस. करायला गेला, आणि मार्चच्या सुट्टीत मित्रांबरोबर युरोप हिंडून आला. ती हकिकत थोडी व्हिडिओ कॉलवर आणि थोडी तो गणपतीत गावी आला तेव्हा चहाच्या टपरीवर, अशी तुकड्यातुकड्यानं आमच्यापर्यंत पोहोचली. ऐकून माझी खात्री झाली की पोराचं शिक्षण वाया गेलं नाही. टेंभुर्णीतलं म्हणतोय मी.

मंडळी चार. एक आमचा, एक बार्शीचा, एक सांगोल्याचा आणि एक कोथरूडचा. नावं लिहायची गरज नाही, कारण तिकडंही ती एकमेकांना गावाच्या नावानंच हाका मारतात. फलाटावरून 'ए सांगोला, पळ की लेका!' अशी आरोळी आली की जर्मन माणसं दचकून बाजूला होतात. पुणेकरानं सहलीचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं होतं. त्यात 'उत्स्फूर्त भटकंती, ४५ मिनिटं' असाही एक रकाना होता.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांना फी जवळजवळ नसते, हे आता डाळिंबाचा बहार धरणाऱ्या माणसालाही माहीत झालंय. पण व्हिसा हवा तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. हे आमच्या थोरल्या बंधूंना समजावताना बँकेतल्या साहेबांना घाम फुटला. शेवटी बंधूच म्हणाले, "म्हंजे उजनीचं आवर्तन की! पाणी आपलंच, पर सोडणार त्ये त्येंच्या तारखेला." साहेबांनी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल म्हणाले.

आता या ९९२ मधून खोली, विमा, खाणं जाऊन जे काय उरतं त्यात युरोप बघायचा तर काहीतरी विकावं लागतं. पोरं झोप विकतात. हिशेब सरळ आहे. रात्रीची बस पकडली की हॉस्टेलच्या खाटेचे पैसे वाचतात आणि सकाळी नवीन शहर हातात पडतं. ट्रॅव्हल कंपनीबरोबर जाणारे आपले काका-काकू युरोप बघतात तो सकाळी नाष्टा करून साडेनऊनंतरचा. या पोरांनी बघितला तो पहाटे साडेचारचा, ज्या वेळी कुठलंही शहर कुणी बघू नये. तेव्हा व्हिएन्नातसुद्धा फक्त झाडूवाले, कबुतरं आणि कानाला मफलर बांधून बॅगेवर डोकं ठेवलेली माणसं असतात. पुतण्या म्हणाला, "काका, उतरलो आणि वाटलं, आपण पोचलोच न्हाई. टेंभुर्णीतच फिरून आलो." मात्र एक फरक होता. स्टँडवरचं शौचालय एक युरोला. युरो हल्ली शंभर रुपयांच्या आसपास गेल्यामुळं गुणाकार सोपा झालाय, आणि तेच वाईट झालंय. बंधू कॉलवरच होते. म्हणाले, "शंभर रुपयं? मग घरी आल्यावर जा."

प्रवासाची सुरुवात रविवारी झाली. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. म्हणजे कडकडीत. पुकारणारा कुणी नाही, टायर पेटलेलं नाही, अर्धं शटर वर करून आतून माल देणारा वाणीसुद्धा नाही. वाटेत खायला काही विकत मिळणार नाही, हे ओळखून आमच्या पोरानं सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेतली होती. कडक भाकरीचं कौतुक बाहेरच्यांना पुरेसं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीची पातळ भाकरी भाजून, वाळवून तिच्यातला पाण्याचा शेवटचा थेंब काढला की ती महिना-दोन महिने सहज टिकते. आखेनलाही प्रिंटेन नावाचं एक मसालेदार, कडक बिस्किट पिढ्यान्‌पिढ्या भाजतात. पुतण्यानं घरमालकिणीला भाकरी दिली, तिनं त्याला प्रिंटेन दिलं. दोघांनी आपापल्या दाढा चाचपल्या आणि सामना बरोबरीत सुटला.

सेमिस्टरच्या पैशातच देशभरच्या लोकल गाड्यांचा पास येतो. त्यामुळं ही मंडळी फास्ट गाडीच्या वाटेला न जाता पाच-सहा पॅसेंजर बदलत पूर्वेकडं निघाली. आपली समजूत अशी की जर्मन रेल्वेवरून घड्याळं लावतात. तर २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर न धरता. गाडी नऊ मिनिटं लेट असल्याचं फलकावर आलं तशी फलाटावरच्या जर्मन लोकांनी एकाच वेळी उसासा टाकला. पुतण्याच्या शेजारचे आजोबा तर लाजेनं लाल झाले. सगळ्या देशाच्या वतीनं माफी मागायला लागले. पुतण्यानं त्यांना धीर दिला. म्हणाला, आमच्याकडं गाडी लेट कधीच नसते, ती फक्त 'तिकडून अजून सुटलेली' नसते. आजोबांनी यावर बराच विचार केला.

चेक देशाची सीमा कधी लागली ते कळलंच नाही. मोबाइलवर स्वागताचा मेसेज आला म्हणून समजलं. सांगोलेकर खिडकीला नाक लावून बसला होता. "सीमा कुठाय? नाका न्हाई, पोलीस न्हाई, पाटीवरनं भांडण न्हाई?" आपल्याकडं सोलापूरहून विजापूरला निघालं तरी आज यष्टी सीमेपलीकडं जाणार आहे की नाही, आणि गेली तर काचेसकट परत येणार का, याची चौकशी करून निघावं लागतं. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून तो प्रश्न आम्ही जपून ठेवलाय. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळी चलनं आणि सीमेवर काहीच घडत नाही, याचा पोरांना चक्क विरस वाटला.

पण तो फार टिकला नाही. २०२४च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय. परतीच्या वाटेवर बेल्जियमहून येताना रात्री बस बाजूला घेतली गेली. पोलीस आत चढले. बस माणसांनी भरलेली होती. टॉर्च थेट आमच्या चौघांवर येऊन थांबला. गोऱ्या प्रवाशांना झोपेतून उठवणं बरं दिसत नसावं. कागद बघून, हसून, आभार मानून ते उतरले. बार्शीकर म्हणाला, "बघ सांगोला, तुझी सीमा आली."

प्रागमध्ये जुन्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तासाला ठोके पडले की वरच्या खिडक्या उघडतात, बारा शिष्य एकामागून एक डोकावून जातात, एक सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. हे बघायला शे-दोनशे माणसं अर्धा-पाऊण तास मान वर करून उभी. सगळा प्रकार मिनिटभरात आटोपला. "संपलं?" बार्शीकरानं विचारलं. आजूबाजूची वीसेक माणसं आपापल्या भाषेत तेच विचारत होती. पुणेकराचं चित्रीकरण हललं होतं, म्हणून त्याच्या आग्रहाखातर सगळ्यांना आणखी एक तास थांबावं लागलं. 'उत्स्फूर्त भटकंती' तिथंच खर्ची पडली.

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन देशांच्या राजधान्या, मध्ये साठेक किलोमीटर. टेंभुर्णी ते बार्शी एवढंच. ही गोष्ट बार्शीकराला कुणी सांगायला नको होती. तेव्हापासून तो बार्शीला राजधानी धरून बोलायला लागला. बुडापेस्टला तर त्यानं कहर केला. तिथली पिवळी मेट्रो १८९६ सालची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. डबे छोटे, स्टेशनं लाकडी कपाटांची, पांढऱ्या-तपकिरी फरशांची, बघण्यासारखी. बार्शीकर एका बाकावर बसला आणि म्हणाला, "आमची बार्शी लाइट १८९७ची. एका वर्षानं हुकलं." खरं आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली, आणि इथला अनुभव घेऊन तो पुढं इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅलीच्या छोट्या रेल्वेवर काम करायला गेला. म्हणजे बार्शीनं इंग्लंडला शिकवलं. बुडापेस्टच्या मेट्रोनं कुणाला काय शिकवलं, असा बार्शीकराचा सवाल होता. गाडीतल्या एकाही हंगेरियन माणसाला त्याचं उत्तर देता आलं नाही.

आमच्या पोराला मेट्रोत वेगळीच गोष्ट खुपली. कंडक्टरच नाही. तिकीट काढायचं, यंत्रात घालून आपल्या हातानं त्यावर शिक्का मारायचा, आणि बसायचं. कुणी बघत नाही. मात्र शिक्का मारायला विसरलात आणि तपासनीस आला, तर तिकीट खिशात असूनही तुम्ही फुकटे. जर्मनीत या पापाला साठ युरो पडतात. यष्टीत वाढलेल्या माणसाला हा जाच सोसत नाही. कंडक्टर आपल्या अंगावर ओरडतो, पण जबाबदारी त्याची असते. 'सुट्टे द्या', 'पुढं सरका', 'टेंभुर्णीवालं उठा' असं कुणी म्हणेना, त्यामुळं पोरगं प्रत्येक स्टेशनला घाबरून उठत होतं.

व्हिएन्नात साखर टोर्ट खाल्ल्याशिवाय यायचं नसतं. १८३२ साली फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्यानं केला तो चॉकलेटचा केक, मध्ये जर्दाळूचा मुरंबा. पोरांनी एक तुकडा मागवला आणि चार काटे. वेटर जुन्या वळणाचा, काळ्या कोटातला. त्यानं चार माणसांकडं बघितलं, एका तुकड्याकडं बघितलं, आणि चांदीच्या ट्रेमध्ये पाण्याचे चार छोटे ग्लास आणून ठेवले. त्या तुकड्याची वाटणी तलाठ्यानं जमीन मोजावी इतक्या काटेकोरपणे झाली. मुरंब्याचा थर कुणाच्या हद्दीत किती, यावरून सांगोला आणि बार्शी यांच्यात बाचाबाचीही झाली. पुढं पुणेकरानं तो केक मोबाइलमधल्या हिशेबाच्या ॲपमध्ये चारांत विभागून टाकला, त्यात बार्शीकराकडून ३७ सेंट येणं निघालं. टेंभुर्णीत चार मित्र चहा प्याले की बिल देण्यावरून मारामारी होते, गल्ल्यापाशी एकमेकांचे हात पिरगाळले जातात. परदेशात पोरांना पहिल्यांदा कळलं की ती मारामारी दहा रुपयांच्या चहापुरतीच होती.

बुडापेस्टहून पॅरिसला मात्र विमानानं. बसपेक्षा विमान स्वस्त, हा तिकडचा एक चमत्कार आहे, पण त्याला अटी आहेत. बॅग चाळीस बाय तीस बाय वीस सेंटिमीटर. गेटवर एक पिंजरा ठेवलेला असतो, त्यात ती बसली पाहिजे. नाही बसली तर तिकिटापेक्षा जास्त दंड. त्यामुळं रांगेतल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी आपापली कपाटं अंगावर चढवली होती. तीन शर्ट, दोन स्वेटर, वर जाकीट, जाकिटाच्या खिशात चार्जर आणि मोजे. आमच्या पोरानं कडक भाकरीची चवड पोटाशी बांधली होती. तपासणीला तिचा आवाज आला. तपासणाऱ्या बाईनं हात लावून विचारलं, हे काय? पुतण्यानं सांगितलं, ब्रेड. तिनं दाबून बघितलं आणि तिचा विश्वास बसला नाही. शेवटी एक तुकडा मोडून खाऊन दाखवल्यावर सुटका झाली.

विमान उडालं आणि घोषणा झाली. एका प्रवाशाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, तरी कुणी शेंगदाण्याचा पदार्थ उघडू नये. चौघं ताठ बसले. पुतण्याच्या सीटखाली सोलापुरी शेंगाचटणीचा अख्खा डबा होता. आपल्याकडं जी चटणी नसेल तर जेवणाला बसल्यासारखं वाटत नाही, तिच्यावर विमानात बंदी! पोरगं दोन तास डब्यावर दोन्ही पाय ठेवून बसलं, झाकण उडू नये म्हणून.

आणि मग पॅरिस आलं. म्हणजे तसं विमान कंपनी म्हणाली. बाहेर बघतात तर शेतं. स्वस्त विमानं उतरतात त्या बोव्हे विमानतळापासून पॅरिस ८५ किलोमीटर. टेंभुर्णीपासून सोलापूर तेवढंच. पुणेकर आणि सांगोलेकर चिडले, पण आमच्या पोरानं शांतपणे बॅग उचलली. बायपासला उतरवून 'आलं की टेंभुर्णी, जावा इथनं चालत' म्हणणाऱ्या गाड्यांचा त्याला सराव होता. फ्रँकफुर्टच्या नावानं चालणारा हान विमानतळ तर फ्रँकफुर्टपासून १२० किलोमीटरवर आहे. ही हकिकत टपरीवर सांगितली तेव्हा मंडळी एकदम गंभीर झाली. सोलापुरातून २०२५ पासून गोव्याला विमान सुटायला लागलंय, ते होटगी रस्त्यावरून, शहराला लागूनच. तेवढ्या जवळ कशाला? युरोपच्या हिशेबानं टेंभुर्णीला धावपट्टी करून 'सोलापूर वेस्ट' नाव द्यायला काहीच हरकत नाही, असं ठरलं. जमीन कुणाची जाणार यावर चर्चा थांबली.

पॅरिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सव्वीस वर्षांच्या आतल्या युरोपवासी पोरांना लूव्र संग्रहालय फुकट आहे. सांगोलेकर चिंचवडला नोकरी करून मग शिकायला गेलेला, त्यामुळं सत्ताविशीचा. त्याला बावीस युरो. तो म्हणाला, बावीसशे रुपयांत माझी एक फवारणी होते, आणि बाहेर काचेच्या पिरॅमिडपाशी भाकरी खात बसला. आतल्या तिघांनी मोनालिसा बघितली, दोन मोबाइलच्या फटीतून. ते चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, म्हणजे विमानाच्या पिंजऱ्यात ते बसलं नसतं, एवढीच नोंद पुतण्यानं केली.

आमच्या घरात गाजलं ते ब्रुसेल्स. तिथं एका गल्लीच्या कोपऱ्यावर शू करणाऱ्या उघड्या पोराचा ब्राँझचा पुतळा आहे. १६१९ सालचा, उंची साडेपंचावन्न सेंटिमीटर. त्याच्यासमोर जग गर्दी करतं. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि आईला, म्हणजे त्याच्या आजीला, दाखवलं. आईनं चष्मा पुसला.

"आरं, एवढ्या थंडीत लेकराला उघडं का ठिवलंय?"

"आजी, त्याला हजाराच्या वर कपडे हायती. राजे-रजवाडे भेट देत्यात. फ्रान्सच्या पंधराव्या लुईनं १७४७ साली जरीचा पोशाख दिला. कपड्यांचं वेगळं म्युझियम हाय."

"मग घालत का न्हाईत?"

याला पुतण्याकडं उत्तर नव्हतं. सणावारी घालतात, असं काहीतरी तो पुटपुटला. खरा पुतळा चोऱ्यांच्या भीतीनं आत ठेवलाय आणि गल्लीतला नकली आहे, हे त्यानं आईला मुद्दाम सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं. त्या दिवसापासून आई टीव्हीवर युरोपात बर्फ पडल्याची बातमी लागली की त्या लेकराची चौकशी करते. पॅरिस, प्राग, व्हिएन्ना यांची तिनं कधी केली नाही.

आखेनला परत आल्यावर पोरांच्या खात्यांतली पातळी वजामध्ये जायला आली होती आणि सुट्टीचे चार दिवस शिल्लक होते. आखेनच्या वेशीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स हे तीन देश एका टेकडीवर एकत्र येतात. चालत जाता येतं, फुकट. तिथं पाटी आहे की युरोपातल्या नेदरलँड्सचा हा सर्वांत उंच बिंदू, उंची ३२२ मीटर. डच लोक तिथं दमून बसतात, फोटो काढतात. सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला आपला जन्मदिवस आठवणार नाही, पण उजनी भरल्याची पातळी आठवते : ४९६.८३ मीटर. म्हणजे हॉलंडचा अख्खा डोंगर आमच्या धरणाच्या पाण्याखाली पावणेदोनशे मीटर गेला! पुतण्यानं तिथूनच बंधूंना फोन लावला. बंधूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू दे. तिथं द्राक्षं काय भाव हायती?"

टेकडी उतरून नेदरलँड्सच्या बाजूच्या गावात गेलं की किराण्याचं मोठं दुकान आहे. सांगोलेकर फळांच्या मांडणीपाशी थबकला. अर्ध्या किलोचा प्लॅस्टिकचा डबा, आत हिरवी लांबट द्राक्षं, चिठ्ठीवर देश : भारत. रॉटरडॅम बंदरातून मार्चमध्ये हीच तिकडं पसरतात. चौघं त्या डब्याभोवती गोळा झाले. बार्शीकरानं मणी किती मिलिमीटरचा असेल ते बोटानं मापलं. पुणेकरानंसुद्धा डब्यासोबत फोटो काढून घेतला. पूर्ण सहलीत चौघं एकत्र हसताना आहेत असा तो एकच फोटो. अडीच युरोला डबा, म्हणजे किलो पाच युरोला, हा भाव ऐकल्यावर बंधू बराच वेळ लाइनवर बोलले नाहीत. बागेतून उचलताना व्यापारी काय देतो, ते त्यांना पाठ आहे.

हल्ली घरात वेगळीच गडबड आहे. इंदापूरचा एक मुलगा पुढच्या आठवड्यात आखेनला चाललाय. त्याच्या बॅगेत दोन किलो जागा आहे अशी खबर लागली, आणि वहिनींनी दळपकांडप काढलं. सांगोल्याच्या आईचा फोन त्याच्या आधी जाऊन एक किलो आरक्षित झालं होतं, बार्शीहून अर्ध्या किलोची शिफारस आली होती. आईनं तुपाची बरणी पुढं केली. बाहेरून दूधदुभत्याचं काही आत नेऊ देत नाहीत, म्हणून ती माघारी गेली, आईच्या कपाळाला आठी घालून. शेवटी भाकरी, चटणी, लिंबाचं लोणचं काट्यावर मांडलं. काटा दोनच्या पुष्कळ पुढं गेला. वहिनींनी लोणच्याकडं बघितलं, काट्याकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, त्या इंदापूरच्या पोराला विचारा तरी, कपडे सगळे न्यायलाच पाहिजेत का म्हणून."